रिस्टोअर केलेली एमजीबी विकत घेताना

भारतात आता एमजी म्हटलं की हेक्टर डोळ्यासमोर येते, पण इथे इंग्लंडमधे जरा वय झालेल्या माणसाजवळ एमजीचं नाव काढा, तो दोन सीटच्या बुटक्या उघड्या गाडीबद्दलच बोलायला लागतो आणि बहुतेक वेळा ती एमजीबी असते. कुणाच्या काकांकडे होती, कुणी लग्नानंतर पहिल्या ट्रिपला नेली होती, कुणी पोरं झाल्यावर नाइलाजाने विकली. १९६२ पासून १९८० पर्यंत ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनला ही गाडी बनायची, उघडी रोडस्टर आणि छपराची जीटी धरून पाच लाखांच्या वर बनल्या. म्हणजे दुर्मिळ अजिबात नाही आणि मला ती हवी होती त्याचं एक मोठं कारण हेच, की हिचा बारीकसारीक पार्ट आजही नवा मिळतो. अख्खी बॉडीसुद्धा मिळते! ब्रिटिश मोटर हेरिटेज म्हणून कंपनी आहे, त्यांनी १९८८ मधे एमजीबीची बॉडी परत नवी बनवायला सुरुवात केली, तीही बरीचशी कारखान्यातल्या जुन्या डाया, म्हणजे पत्रा दाबायचे साचे, वापरून.

मी मूळची कोल्हापूरची. बाबांचं उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप होतं, शाळा सुटली की मी तिथेच असायचे, त्यामुळे मशीन, ग्रीस, वेल्डिंगचा वास हे मला घरातलंच वाटतं. मेकॅनिकल करून नोकरीसाठी इकडे आले, लेमिंग्टन स्पाला राहते. गेल्या वर्षी एकदाची एमजीबी घेतली. घेताना काय काय बघितलं, कोणाला काय विचारलं ते सगळं लिहून ठेवतेय कारण इथल्या आपल्या मराठी ग्रुपमधे दोघातिघांनी विचारलं, आणि फोनवर सांगताना अर्धं राहून जातं.

आधी कुठली घ्यायची ते ठरवलं. १९७४ च्या उत्तरार्धापर्यंतच्या गाड्यांना क्रोमचे बंपर होते, त्यानंतर अमेरिकेतल्या नियमांमुळे मोठे काळे रबरी बंपर आले आणि गाडी दीडेक इंच वर उचलली, त्यामुळे वळणावर ती जास्त झुकते. रबर बंपरवाली स्वस्त पडते आणि चालवायला वाईट नाही, पण मला क्रोमचीच हवी होती, दिसायला आणि रस्त्यावर बसायला दोन्ही बाबतीत. शिवाय १९६७ च्या शेवटानंतरची, कारण तिथपासून गिअरबॉक्सला पहिल्या गिअरलाही सिंक्रो आहे, म्हणजे गिअर न करकरता पडतो, आणि वायरिंग निगेटिव्ह अर्थ झालं, म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह बाजू बॉडीला. आणि ओव्हरड्राइव्ह पाहिजेच, म्हणजे वेग तोच ठेवून इंजिनचे फेरे कमी करणारी जोडणी. चारच गिअर आहेत, ओव्हरड्राइव्ह नसेल तर मोटरवेवर इंजिन ओरडत राहतं.

इंजिनची मला फारशी काळजी नव्हती. १७९८ सीसीचं साधं लोखंडी बी सिरीज, दोन एसयू कार्ब्युरेटर, हेड उतरवायला अर्धा दिवस, कुठलाही भाग पोस्टाने दारात येतो. जीव सगळा बॉडीत. ह्या गाडीला वेगळी चॅसी नाही, पत्राच सगळा भार उचलतो, आणि रोडस्टरला छप्पर नसल्यामुळे पुढचं धूड आणि मागचं धूड जोडून धरतात ती मुख्यतः दारांखालची दोन सिल. हे सिल म्हणजे एक पत्रा नव्हे, बाहेरचा, मधला उभा पडदा, आतला, आणि खाली कॅसल रेल, असे थर स्पॉट वेल्डने एकत्र आलेले, मधे पोकळ. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. पुढच्या चाकाने उडवलेला मिठाचा चिखल विंगच्या, म्हणजे मडगार्डच्या, मागच्या कोपऱ्यात जाऊन बसतो आणि तिथून सिल आतून खायला लागतो. बाहेरून काही दिसत नाही, दिसतं तेव्हा आतला पडदा गेलेला असतो. बाबांना व्हिडिओ कॉलवर गाड्यांचे फोटो दाखवले तर पहिल्या दिवशीच म्हणाले, "अगं पोरी, पत्रा बघ पत्रा. इंजिन काय, कुठंबी खोलता येतंय." त्यांनी जन्मात एमजीबी बघितली नव्हती, पण साताऱ्या-कोल्हापूरच्या रस्त्यावरच्या जीपा, ॲम्बॅसिडर, फियाट लांबी, म्हणजे पुट्टी, भरून कशा विकल्या जातात ते त्यांनी आयुष्यभर बघितलेलं.

तर मग पहिली गाडी. मिडलँड्समधल्या एका डीलरकडे, नाव लिहीत नाही. १९७० ची, लाल, वायर व्हील, जाहिरातीत संपूर्ण रिस्टोरेशन, १८,५०० पौंड. गाडी दिसत होती फार सुंदर, हे मान्यच करायला पाहिजे, रंगात तोंड दिसत होतं, सीटचं लेदर नवं, लाकडी स्टिअरिंग. जायच्या आदल्या रात्री मी नंबर टाकून सरकारी साइटवर तिची जुनी एमओटी हिस्टरी काढली होती. हे फुकट आहे, कोणीही बघू शकतं, आणि सगळ्यांनी बघावंच. एमओटी म्हणजे आपल्याकडच्या पासिंगसारखी दरवर्षीची तपासणी. मे २०१८ पासून चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना, फार मोठे बदल केलेले नसतील तर, तीतून सूट मिळाली. ह्या लाल गाडीच्या २०१४, २०१५, २०१६, सगळ्या तपासण्यांमधे सिल आणि सीटबेल्टच्या जागेजवळ गंज, असा शेरा होता. २०१७ ला फेल, मग पास, आणि २०१८ नंतर तपासणीच नाही. सूट मिळाली, तपासणी थांबली, आणि काही वर्षांनी गाडी रिस्टोअर होऊन शोरूममधे. मधल्या काळात कोणी काय केलं त्याचा कागद नाही.

तिथे गेल्यावर मी फडक्यात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक घेऊन सिलवरून फिरवलं. दाराखाली मधोमध घट्ट चिकटत होतं, पण मागच्या चाकाच्या पुढे वीतभर भागात नुसतं घसरत होतं, म्हणजे तिथे पत्र्याऐवजी लांबी. मग खाली वाकून टॉर्चने बघितलं. व्यवस्थित काम केलं असेल तर सिल पुढच्या विंगच्या आतपर्यंत अखंड जातो, त्यासाठी विंग उतरवावी लागते. इथे बाहेरचा नवा सिल विंगच्या कडेला येऊन थांबला होता आणि जोडावर जाड काळा अंडरसील फासलेला. म्हणजे जुन्या सडलेल्या सिलवरून नवा पत्रा चढवलाय. वाळवी लागलेल्या तुळईला पॉलिश मारल्यासारखं. मी सेल्समनला म्हटलं, कॅसल रेलवर जॅक लावून एक बाजू थोडी उचलाल का, दार आणि विंगच्या मधली फट बदलते का ते बघायचंय. बॉडी धड असेल तर फट आहे तशीच राहते, सिल गेलेला असेल तर गाडी वाकते, फट बदलायला लागते आणि दार अडकतं. तो म्हणाला, आमच्याकडे असं करत नाहीत. कामाचे फोटो मागितले तर म्हणाला, आधीच्या मालकाकडे असतील. मी आभार मानून निघाले. गाडी मागे घेताना वायर व्हीलमधून टक असा आवाजही आला होता, स्प्लाइन, म्हणजे चाक ज्या दात्यांवर बसतं ते, झिजल्यावर येतो तो, पण तोपर्यंत माझं ठरलं होतं.

मला ह्यात राग येतो तो एका गोष्टीचा. अठरा हजार पौंड कुणाच्यातरी अनेक वर्षांच्या बचतीतून येतात, आणि ह्या गाडीत दोन माणसं शेजारी बसून जाणार असतात, त्यातलं एक बहुतेक वेळा घरचंच. सीटबेल्ट ज्या पत्र्याला बोल्ट केलाय तो पत्राच लांबीचा असेल तर काय करायचं त्यांनी?

त्यानंतर अजून काही बघितल्या. एक चांगली होती पण ओव्हरड्राइव्ह नव्हता, एक हेरिटेज बॉडीवर बांधलेली, अप्रतिम, पण किंमत माझ्या आवाक्याच्या बाहेर. एकाने फोनवरच प्रामाणिकपणे सांगितलं की सिल अजून ओरिजिनल आहेत, करावे लागतील, एवढ्या लांब येऊ नका. त्या माणसाचे मी खरंच आभार मानले.

मग सायरनसेस्टरजवळच्या एका खेड्यातली जाहिरात दिसली. १९७२ ची रोडस्टर, टील ब्लू, म्हणजे हिरव्याकडे झुकणारा निळा, त्या काळातला खास रंग. रोस्टाइल चाकं, ओव्हरड्राइव्ह, १३,५०० पौंड. जाहिरातीत चकचकीत फोटो दोनच होते, बाकी सगळे वेल्डिंगचे! बघूनच बरं वाटलं.

मालक पंचाहत्तरीचे आजोबा, टूलरूममधे नोकरी करून रिटायर झालेले. त्यांनी गाडी दाखवायच्या आधी चहा केला आणि किचनच्या टेबलावर दोन जाडजूड फायली ठेवल्या. त्या फायलींवर आम्ही तास-दीड तास बसलो असू आणि मला तर तिथेच गाडी आवडली. सात वर्षं घरच्या गॅरेजमधे काम केलेलं, प्रत्येक पायरीचे फोटो, मागे पेन्सिलीने तारीख. एका फोटोवर मी थांबले. दार काढलेलं, आणि दाराच्या मोकळ्या चौकटीत बिजागरीकडून कुलपाकडे दोन चौकोनी लोखंडी पाइप आडवे वेल्ड केलेले. जुना सिल कापायच्या आधी हे करावं लागतं, नाहीतर कापल्याक्षणी बॉडी स्वतःच्याच वजनाने मधे बसते आणि मग नवा सिल वाकड्या मापावर वेल्ड होतो, दारं कधीच नीट लागत नाहीत. पुढच्या फोटोत बाहेरचा पत्रा गायब, मधला पडदा चाळणीसारखा. त्याच्या पुढच्यात आतला सिल नवा, कॅसल रेल नवी, मग नवा पडदा, त्यावर झिंक प्रायमर, आणि शेवटी बाहेरचा सिल, विंग उतरवलेली असल्यामुळे पुढच्या टोकापर्यंत अखंड. फोटोच्या कडेला मोजपट्टी दिसत होती, दाराच्या फटीची मापं वहीत लिहिलेली, कापायच्या आधीची आणि नंतरची.

मी फोटो मोबाइलवर काढून बाबांना पाठवले. पाच मिनिटांत उत्तर, "ह्या माणसाला काम येतंय."

फाइलमधे गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमचं हेरिटेज सर्टिफिकेटही होतं. त्यांच्याकडे कारखान्याचे जुने रेकॉर्ड आहेत, चॅसी नंबर दिला की गाडी कधी बनली, मूळ रंग कुठला, इंजिन नंबर काय, कुठल्या देशासाठी पाठवली हे ते लिहून देतात. ह्या गाडीचा चॅसी नंबर जीएचएन५ ने सुरू होणारा, म्हणजे रोडस्टर, रंग टील ब्लूच, आणि इंजिनवरच्या पट्टीवरचा १८व्ही नंबर सर्टिफिकेटशी जुळला. मी तो स्वतः टॉर्च मारून आकडा-आकडा वाचला. लंडनच्या यूलेझ, म्हणजे प्रदूषणाची फी घेणाऱ्या झोनमधे फी लागत नाही, रोड टॅक्स शून्य, हे सगळं गाडीची नोंद हिस्टॉरिक म्हणून असली तरच, त्यामुळे व्ही५सी म्हणजे इथल्या आरसी बुकवर तेही बघून घेतलं.

मग गॅरेज. आजोबांनी मी काही म्हणायच्या आत जॅक काढून ठेवलेला. बाजू उचलली, फट होती तशीच, दार एका बोटाने लागलं आणि उघडलं. चुंबक सगळीकडे चिकटलं, फक्त मागच्या डाव्या विंगच्या खालच्या कडेला थोडं हलकं वाटलं, तर तेच म्हणाले, "तिथे पातळ थर आहे, रुपयाएवढा, फाइलमधे फोटो आहे." रुपया ते म्हणाले नाहीत अर्थात, त्यांनी दहा पेनीचं नाणं म्हटलं. 

चावी फिरवली की आधी इंजिन सुरू होत नाही, आधी मागून टिक टिक टिक टिक ऐकू येतं. मागे बॅटरीच्या जागेजवळ एसयूचा इलेक्ट्रिक पेट्रोल पंप असतो, तो कार्ब्युरेटरच्या वाट्या भरतो, भरल्या की टिकटिक मंदावते आणि थांबते. थांबली तर ठीक, चावी चालू पण इंजिन बंद असताना टिकटिक चालूच राहिली तर कुठेतरी गळती किंवा फ्लोटची सुई अडकलीय. ही आठ-दहा टिकमधे थांबली. चोक ओढला, स्टार्टर मारला, लगेच सुरू. गाडी थंड असतानाच बघायची असं मी त्यांना फोनवर सांगितलं होतं, त्यांनी खरंच सकाळपासून हात लावला नव्हता, बॉनेटवर हात ठेवून खात्री केली.

चालवायला दिली. स्टिअरिंग जड, ब्रेकला पायाची ताकद लागते, कमरेपर्यंत रस्ता आल्यासारखा वाटतो. पंचाण्णव हॉर्सपॉवरच्या आसपासची गाडी, आजच्या हिशोबाने काहीच नाही, पण ताशी ४० मैलावर जो आनंद मिळतो तो मला आमच्या रोजच्या गाडीत ७० ला मिळत नाही. डोळा मी ऑइल प्रेशरच्या काट्यावर ठेवला होता. वीस मिनिटं चालवून पूर्ण गरम झाल्यावर ५० च्या वेगाला ६० पीएसआय, सिग्नलला उभी असताना २० च्या जरा वर, म्हणजे बेअरिंगं चांगली. तिसऱ्यात ओव्हरड्राइव्हचा खटका लगेच लागला, चौथ्यात लागायला एखादा सेकंद घेतला. मागचा उजवा डँपर गळत होता. ह्या गाडीला आपल्या नेहमीच्या नळीसारखे शॉकॲब्सॉर्बर नसतात, आर्मस्ट्राँगचे लिव्हर आर्म असतात, आत तेल, ते ओघळलेलं स्पष्ट दिसत होतं. हीटरचा कॉक अर्धाच बंद व्हायचा. एवढंच.

घासाघीस मला मनापासून आवडत नाही आणि सात वर्षांचं काम बघितल्यावर तर जीभ रेटेना, पण नवरा बरोबर होता, त्याने डँपर आणि हीटरचा हिशोब समोर मांडला, आणि १२,८०० वर ठरलं. खरं सांगायचं तर पत्रा, रंग, क्रोम, ट्रिमचीच बिलं फाइलमधे ह्याच्या वर जात होती आणि मजुरी तर कोणी धरलीच नव्हती. चांगलं काम झालेली गाडी आयती घेणं हे स्वतः करण्यापेक्षा स्वस्त पडतं, ह्या बाजारात हे असंच आहे, पण काम चांगलं झालंय हे आधी दिसायला हवं.

का विकताय असं विचारलं तर आजोबा म्हणाले गुडघे, बसता येतं पण उठता येत नाही. मग त्यांनीच मला विचारलं, "तुम्ही चालवणार ना? की झाकून ठेवणार?" मी म्हटलं पावसातसुद्धा चालवीन, फक्त रस्त्यावर मीठ असेल तेव्हा नाही. ते हसले नाहीत, मान हलवली आणि हात पुढे केला.

कागदांचं काम पटकन सांगते. इन्शुरन्स गाडी हलवायच्या आधी लागतो. क्लासिकसाठी ॲग्रीड व्हॅल्यूचाच घ्यावा, म्हणजे गाडी गेली तर किती मिळणार हे आधीच ठरतं, नाहीतर कंपनी जुनी गाडी म्हणून काहीही किंमत लावू शकते. फोटो आणि बिलं मागितली, आजोबांच्या फायली तिथेही उपयोगी पडल्या. कर्ज थकलेलं नाही, कुठे ॲक्सिडेंटमधे बाद झालेली नाही ह्याचा रिपोर्ट वीसेक पौंडात निघतो. पैसे बँकेतून पाठवले, त्यांच्या खात्यात दिसल्यावर त्यांनी माझ्यासमोर लॅपटॉपवर डीव्हीएलएला, म्हणजे इथल्या आरटीओला, मालकबदल कळवला आणि व्ही५सीची हिरवी चिठ्ठी फाडून दिली. ह्या चिठ्ठीवरचा नंबर टाकून टॅक्स भरायचा. रक्कम शून्य असली तरी भरायचा असतो, आधीच्या मालकाचा टॅक्स गाडीबरोबर येत नाही, हे नवीन लोकांना माहीत नसतं.

घरी आणली ए४२९ ने, म्हणजे रोमन लोकांनी आखलेला फॉस वे, सायरनसेस्टरहून स्टो, मोर्टन-इन-मार्श करत वर येतो. छप्पर उघडं, सरळ रस्ता लागला की ओव्हरड्राइव्ह, गाव आलं की काढायचा. नवरा मागून आमच्या गाडीत, कुठे बंद पडली तर म्हणून, पण तशी वेळच आली नाही. मोर्टनला पेट्रोल भरताना सुपर घेतलं. साध्या पेट्रोलमधे २०२१ पासून दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे, जुने रबरी पाइप त्याने खराब होतात, सुपरमधे पाच टक्क्यांपर्यंत. इंजिनच्या हेडला आजोबांनी अनलेडेड पेट्रोल चालावं म्हणून व्हॉल्व्हच्या कडक सीट बसवून घेतलेल्या, त्यामुळे ती चिंता नव्हती.

पुढच्या आठवड्यात सूट असूनही एमओटीला नेली. पन्नास वर्षांची गाडी, तिऱ्हाईत माणसाने एकदा खालून बघितलेली बरी. पास झाली, डँपरचा शेरा आला, तो मी दुरुस्त केलेला मागवून बसवला. चाकाजवळच्या किंगपिनना दोन्ही बाजूंना तीन-तीन ग्रीस निपल आहेत, दर ३,००० मैलांनी ग्रीस मारायचं, चाक जॅकवर उचलून, म्हणजे ग्रीस सगळीकडे शिरतं. हे करायला मला फार आवडतं. हिवाळ्याच्या आधी सिलमधल्या भोकांतून आत लांब नळी घालून पातळ मेण फवारलं, दोन दिवस गॅरेजच्या फरशीवर थेंब पडत होते, म्हणजे खालची पाणी जायची भोकंही मोकळी आहेत.

चौथ्या गिअरला ओव्हरड्राइव्ह अजून थंडीत जरा उशीर करतो. आधी तेल बदलून त्याची जाळी साफ करणार, मग सोलेनॉइडची वायर तपासणार. आजोबांना फोन केला तर म्हणाले जाळीचं गॅस्केट नवीन आणा, जुनं परत वापरू नका, आणि ते घरी एक जादा होतं ते त्यांनी दुसऱ्याच दिवशी पोस्टाने पाठवून दिलं.